चूक झाली? घ्या दोन गिरक्या!

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये सगळ्यात जास्त वेळ कशात जातो? बॅटिंगमध्ये? बोलिंगमध्ये? छे! भांडणात. "आउट होतास!" "नव्हतो!" "बॅटला लागला होता!" "आवाज तरी आला का?" अंपायर नसला की असंच चालायचं.

आता एक असा खेळ सांगतो, ज्याच्या बहुतेक शर्यतींत खेळाडूंच्या मागे शिट्टी घेऊन फिरणारं कुणीच नसतं. शिडाच्या बोटींची शर्यत! पाण्यावर कितीतरी बोटी एकमेकींना खेटून पळत असतात. तुमच्या बोटीनं दुसरीची वाट चुकीची अडवली, तर ते तुम्हीच कबूल करायचं आणि शिक्षाही तुम्हीच करून घ्यायची. शिक्षा कसली? बोटीच्या दोन पूर्ण गिरक्या. तुम्ही गोल गोल फिरताय तोवर बाकीच्या बोटी पुढे निघून जातात. तरी घ्यायच्याच. आणि चूक मान्यच नसेल तर? समोरची बोट 'प्रोटेस्ट!' असं ओरडते, मग किनाऱ्यावर परतल्यावर समितीपुढे दोन्ही बाजू ऐकल्या जातात. तिथे हरलात तर त्या शर्यतीतून बादच!

ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहरासमोरच्या ईरी सरोवरात अशा शर्यती झाल्या. निमित्त होतं 'गे गेम्स' या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेचं.

हे कसले खेळ?

'गे' हा शब्द मोठ्या मुलांनी ऐकला असेल, आणि खरं सांगायचं तर बहुधा कुणाला तरी चिडवताना ऐकला असेल. म्हणून आधी तो नीट समजून घेऊ. बहुतेक मुलींना मोठेपणी एखादा मुलगा आवडतो, मुलांना एखादी मुलगी आवडते. काहींचं तसं नसतं. मुलीचं प्रेम मुलीवर जडतं, मुलाचं मुलावर. त्यांना समलिंगी म्हणतात. काहींना दोन्ही आवडू शकतात. काही जणांना जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगा म्हटलेलं असतं, पण आपण मुलगी आहोत हे त्यांचं मन त्यांना सांगत असतं, किंवा याच्या उलट. त्यांना ट्रान्सजेंडर म्हणतात. हा काही रोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढून टाकलं. (आई-बाबांना याबद्दल विचारलंत तर ते आधी जरा घसा खाकरतील. पण विचारा जरूर.)

अशा खेळाडूंवर अनेक वर्षं एकच पाळी यायची, लपवण्याची. संघातून काढतील, खोलीत बरोबर कुणी राहणार नाही, लोक हसतील. डॉक्टर टॉम वॉडेल हे त्यांच्यातलेच एक. साधेसुधे खेळाडू नव्हेत बरं का! १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डेकॅथलॉन या दहा खेळांच्या स्पर्धेत ते सहावे आले होते. त्यांनी ठरवलं की, असे खेळ भरवायचे जिथे कुणाला काही लपवावं लागणार नाही. पहिले खेळ १९८२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाले आणि सुमारे १३५० खेळाडू आले.

वॉडेलना नाव द्यायचं होतं 'गे ऑलिंपिक गेम्स'. पण अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीनं खेळांना तीन आठवडेही उरले नसताना कोर्टातून मनाई आणली. 'ऑलिंपिक' हा शब्द वापरायचा नाही! छापून तयार असलेल्या सगळ्या वस्तूंवरचा तो एक शब्द स्वयंसेवकांना पुसत, झाकत बसावं लागलं. गंमत म्हणजे त्या काळी अमेरिकेत कुत्र्यांची आणि उंदरांचीसुद्धा 'ऑलिंपिक' भरत होती. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. जून १९८७ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी वॉडेलच्या संस्थेच्या विरोधात निकाल लागला. वॉडेल तेव्हा एड्सनं फार आजारी होते. पुढच्याच महिन्यात ते गेले. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९८६ च्या दुसऱ्या गे गेम्समध्ये, त्याच आजारपणात त्यांनी भालाफेकीचं सुवर्णपदक जिंकलं होतं.

त्यांनी घालून दिलेला नियम आजही पाळला जातो. या खेळांना निवड चाचणी नसते. अमुक सेकंदांत धावलात तरच प्रवेश, अशी अट नाही. समलिंगी असायला हवं अशीसुद्धा अट नाही. तुम्ही आपल्या कालच्या कामगिरीपेक्षा आज थोडं बरं केलंत तरी पुरे. त्यामुळे इथे खरेखुरे विजेते असतात, तसेच 'गेल्या वर्षीच शिकले' म्हणणारेही असतात. क्लीव्हलंडला असे सुमारे आठ हजार खेळाडू जमले होते.

चला बोटीवर!

आता आपण मनातल्या मनात हौशी बायकांच्या एका संघाबरोबर ईरी सरोवरात उतरू. बोट कल्पनेतली आहे, पण तिच्यावरची कामं अगदी खरी. बोटीवर चौघी आहेत. सोमवार ते शुक्रवार एक शाळेत शिकवते, एक इस्पितळात नर्स आहे, एक ट्रक दुरुस्त करते आणि एक नुकतीच निवृत्त झाली आहे.

निवृत्त झालेल्या बाई सुकाणूवर. बोट कुठे न्यायची ते त्या ठरवणार. दुसरीच्या हातात मोठ्या शिडाचा दोर, तिसरीकडे पुढच्या शिडाचा. वाऱ्याप्रमाणे दोर कधी खेचायचा, कधी सैल सोडायचा. चौथी अगदी पुढे, नाळेपाशी. दुसऱ्या बोटी कुठून येताहेत, वाऱ्याची झुळूक पाण्यावर कुठे काळसर दिसते आहे, हे ती ओरडून सांगणार. कुणा एकीचं लक्ष चुकलं की चौघींची बोट मागे. दोर सोडला आणि आडवी काठी फिरली की डोकं वेळेवर खाली घालावंच लागतं, नाहीतर कपाळावर हे एवढं टेंगूळ!

शर्यत सुरू कशी होते माहीत आहे? धावण्यासारखं रेषेवर उभं राहून नाही. बोटीला ब्रेक कुठे असतो? पाच मिनिटं आधी भोंगा वाजतो आणि निशाण चढतं. मग चार मिनिटं उरली असताना, मग एक मिनिट उरलं असताना. तोवर सगळ्या बोटी रेषेच्या अलीकडे घिरट्या घालत असतात. शेवटचा भोंगा वाजेल त्या क्षणाला पूर्ण वेगात रेषा ओलांडायची. एक सेकंद आधी गेलात तर परत मागे फिरून पुन्हा यायचं. ही पाच मिनिटं म्हणे शर्यतीपेक्षाही जास्त घाम फोडतात.

सुटली! पहिला बोया आहे नेमका वाऱ्याच्या दिशेला, जिकडून वारा येतोय तिकडेच. आता काय करायचं? वाऱ्याच्या थेट तोंडावर कुठलीच शिडाची बोट जाऊ शकत नाही. शीड नुसतं फडफडतं. पण थोडं तिरपं, साधारण ४५ अंशांत, जाता येतं. कलिंगडाची ओली बी दोन बोटांत दाबली की कशी सुळकन पुढे उडते? तसंच काहीसं इथे होतं. शिडावर वाऱ्याचा जोर एका बाजूनं, बोटीच्या पोटाखालच्या जड पात्यावर पाण्याचा जोर दुसऱ्या बाजूनं, आणि दोघांच्या चिमटीत सापडलेली बोट पुढे सटकते. थोडं उजवीकडे तिरपं, वळा, थोडं डावीकडे तिरपं, पुन्हा वळा. अशी नागमोडी वाट काढत बोयापर्यंत पोचायचं.

आणि समोरून दुसरी बोट आली तर? ज्या बोटीला वारा उजव्या बाजूनं लागतोय तिचा हक्क पहिला. ती 'स्टारबोर्ड!' असं ओरडते. वारा डावीकडून घेणाऱ्या बोटीनं वाट सोडायची. आमच्या चौघींनी अंदाज चुकवला असं समजा. दुसऱ्या बोटीला शेवटच्या क्षणी सुकाणू फिरवावं लागलं. कुणी पाहिलं? कदाचित कुणीच नाही. सुकाणूवरच्या बाई म्हणतात, "आपली चूक." गर्दीतून बाजूला होऊन दोन गिरक्या! तिसऱ्या होत्या, सातव्या झाल्या.

ईरी सरोवरही काही सोपं नाही. लांबी ३८८ किलोमीटर, पलीकडच्या तीरावर कॅनडा. आकारानं समुद्रच म्हणा, पण उथळ! सरासरी खोली जेमतेम १९ मीटर. उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांत सगळ्यात उथळ हेच. उथळ पाण्यात वारा सुटला की लाटा चटकन उठतात, उभ्या आणि एकमेकींना चिकटून. एकीवरून उतरतोय तोच दुसरी थाडकन नाळेवर! समुद्रावर तयार झालेले खलाशीसुद्धा इथे वैतागतात.

बायकांना जमणार नाही म्हणे

शिडाच्या खेळात बायका काही काल आलेल्या नाहीत. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एलेन द पूर्तालेस ही स्वित्झर्लंडची बाई विजेत्या बोटीवर होती. ऑलिंपिकमध्ये अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली स्त्री. तरी ऑलिंपिकमध्ये खास बायकांसाठी शिडाची शर्यत सुरू व्हायला १९८८ उजाडलं! तब्बल ८८ वर्षं!

त्यानंतरच्याच वर्षी ब्रिटनची ट्रेसी एडवर्ड्स 'मेडन' नावाची बोट घेऊन जगप्रदक्षिणेच्या व्हिटब्रेड शर्यतीत उतरली. बोटीवर सगळ्या बायकाच. पहिला टप्पाही पुरा होणार नाही, अशी भाकितं जाणत्या लोकांनी केली होती. 'मेडन'नं आपल्या गटात दोन टप्पे जिंकले आणि एकूण दुसरा क्रमांक मिळवला. भाकितं करणाऱ्यांनी नंतर काय केलं, ते मात्र वाचायला मिळत नाही!

क्लीव्हलंडच्या हौशी बोटींवर एवढं थोर काही घडत नव्हतं. ना जगप्रदक्षिणा, ना वादळं. पण बायकांच्या संघाला तिथे दोन 'जमणार नाही' एकदम ऐकून आल्याचा अनुभव असायचा. एक बाई म्हणून, आणि एक समलिंगी म्हणून.

सरोवराच्या या बाजूचा कायदा

आता जरा पाण्याबाहेर येऊ, कारण त्याच दिवसांत ओहायोत एक वेगळी झुंज चालू होती.

ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात जिम ओबरगेफेल आणि जॉन आर्थर हे दोघं वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहत होते. जॉनना एएलएस नावाचा आजार झाला. त्यात अंगातल्या स्नायूंची ताकद हळूहळू जाते. त्यांना लग्न करायचं होतं, पण ओहायोच्या कायद्यात दोन पुरुषांचं लग्न बसत नव्हतं. म्हणून जुलै २०१३ मध्ये मित्र-नातेवाइकांनी पैसे जमवून खास विमान ठरवलं. विमान मेरिलंड राज्यात उतरलं, कारण तिथे असं लग्न कायदेशीर होतं. जॉन खाटेवरून उठू शकत नव्हते. विमान धावपट्टीवर उभं असताना आतच लग्न लागलं आणि ते घरी परतले. ऑक्टोबरमध्ये जॉन गेले.

प्रश्न एका कागदाचा होता. जॉनच्या मृत्यूच्या दाखल्यावर 'जोडीदार' या रकान्यात जिमचं नाव लिहायचं की तो रकाना रिकामा ठेवायचा? खालच्या कोर्टानं सांगितलं, लिहा. राज्य सरकार वरच्या कोर्टात गेलं. ती सुनावणी झाली ६ ऑगस्ट २०१४ ला, सिनसिनाटीत. आणि तीनच दिवसांनी, ९ ऑगस्टला, त्याच राज्यात क्लीव्हलंडला गे गेम्सचं उद्घाटन झालं!

म्हणजे बघा, शहरानं पाहुण्यांचं जोरात स्वागत केलं, अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी चित्रफितीवरून शुभेच्छा दिल्या. पण बोटीवर एकमेकींचा जीव सांभाळणाऱ्या दोघी घरीही एकत्र राहत असतील, तर किनाऱ्याला पाय लागताच कायद्याच्या दृष्टीनं त्या एकमेकींच्या कुणीच नव्हत्या. पाय मोडून एखादी इस्पितळात गेली, तर 'नातं काय?' या प्रश्नाला दुसरीनं काय उत्तर द्यायचं?

नोव्हेंबरमध्ये वरच्या कोर्टाचा निकाल जिम यांच्या विरुद्ध गेला. मग सुप्रीम कोर्ट. २६ जून २०१५ ला तिथे निकाल लागला की, अशी लग्नं अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी मान्य केली पाहिजेत. मतं किती पडली? पाच विरुद्ध चार! वॉडेलच्या खटल्यातही पाच विरुद्ध चारच होती, फक्त पारडं दुसऱ्या बाजूला झुकलं होतं.

असे अडथळे पाण्यावरही आले आहेत. २००६ चे गे गेम्स शिकागोत होते. वल्ह्यांच्या शर्यती जवळच्या क्रिस्टल लेक गावच्या तळ्यात घ्यायच्या होत्या. तळं सांभाळणाऱ्या मंडळात मतं समसमान पडली आणि परवानगी अडली. पुन्हा मतदान घ्यावं लागलं, तेव्हा कुठे बोटी पाण्यात उतरल्या.

क्लीव्हलंडनंतर २०१८ मध्ये पॅरिस झालं. २०२२ चे खेळ कोविडमुळे वर्षभर लांबले आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच वेळी दोन शहरांत झाले, मेक्सिकोतलं ग्वादालाहारा आणि आपल्या आशियातलं हाँगकाँग. आशियात हे खेळ येण्याची ती पहिलीच वेळ. २०२६ साठी निवड झाली स्पेनमधल्या वॅलेन्सियाची. वॅलेन्सिया तर समुद्राकाठीच आहे, आणि शिडाच्या शर्यतींसाठी नावाजलेलंही.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. शिडाच्या शर्यतींत पहिल्या बोटीला एक गुण मिळतो, दुसरीला दोन, सातवीला सात. शेवटी ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला! बहुतेक स्पर्धांत बऱ्याच शर्यती झाल्या की तुमची सगळ्यात वाईट शर्यत हिशेबातून वगळतातसुद्धा. तेव्हा आमच्या चौघींचं ते गिरक्यांमुळे आलेलं सात बहुधा पुसलंच गेलं असतं.