अळीमिळी गुपचिळी

लोक सहलीला गेले की बायकामुलांचे फोटो काढतात. मी अळ्यांचे काढतो. "अहो, लग्नाला वीस वर्षं झाली, पण माझा एक धड फोटो नाही तुमच्या कॅमेऱ्यात!" ही आमच्या सौभाग्यवतींची तक्रार अगदी रास्त आहे. पण माणूस कॅमेरा दिसताच चेहरा बदलतो. अळी आपली निमूटपणे पान खात राहते.

मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे आधी शब्दांचा निवाडा करतो. अंगावर केस असतील तो सुरवंट, गुळगुळीत असेल ती अळी. सुरवंटाला हात लावू नये; त्याचे केस रुतले की खाजवून जीव नकोसा होतो. आमच्या या नादात त्रास झालाच तर तो असा मला होणार, अळीला माझ्यापासून कसला त्रास, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती.

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात कन्येला घेऊन आंबोलीला गेलो. आंबोलीचा पाऊस वाचकांना मी काय सांगावा! छत्री हे तिथे केवळ मनाचे समाधान. एका माकडलिंबाच्या झुडपापाशी कन्या थबकली. पानावर पक्ष्याची विष्ठा पडली होती. "बाबा, नीट बघा. ही अळी आहे!"

खरोखरच अळी होती, आणि तीही नीलवंताची. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य-फुलपाखरू म्हणून ज्याचा मान केला, तोच हा नीलवंत. लहानपणी त्याची अळी असे घाणेरडे सोंग घेते, म्हणून पाखरे तिला टिपत नाहीत.

मी चिखलात गुडघे टेकले. भिंग अळीपासून अर्ध्या वितीवर न्यावे लागते, आणि तिथून जेमतेम एक-दोन मिलिमीटर भागच स्पष्ट येतो. डोके टिपावे तर पाठ पुसट! त्यात वाऱ्याने पान डोलत होते, भिंगावर तुषार येत होते, माझ्या श्वासाने माझाच चष्मा धूसर होत होता. तासाभरात एक चित्र साधेना. अळी मात्र जागची हलत नव्हती. शेवटी मी डहाळी मोडली आणि उतरलो होतो त्या घराच्या पडवीत नेली. वाटेत अळी खाली पडली. मी तिला अलगद पानावर ठेवले. चित्र असे झकास आले की काय सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अर्धवट कातीत अडकून मेलेली आढळली.

मागाहून वाचले तेव्हा उलगडा झाला. कात टाकण्यापूर्वी अळी पानावर रेशमाची गादी विणते, तिच्यात पाय रोवते आणि निश्चल बसते. त्या आधारावरच ती जुन्या कातडीतून बाहेर सरकते. तो आधार मीच तोडला होता.

कॉलेजात चित्राची वाहवा झाली. घरी आलेल्या एका स्नेह्यांनी सहज विचारले, "मग हिचं फुलपाखरू झालं का हो?" कन्येने माझ्याकडे पाहिले आणि मान खाली घातली. अळीमिळी गुपचिळी! त्या मुक्या नजरेने मला जितके ऐकवले, तितके कोणी बोलून ऐकवले नसते.

गेल्या पावसाळ्यात पुन्हा आंबोली गाठली. या खेपेस सोबत एक बांबूची काठी आणि कपडे वाळत घालायचे दोन चिमटे होते. काठी झुडपाशेजारी रोवायची आणि डहाळी चिमट्याने हलकेच तिला धरून ठेवायची, मोडायची नाही. कन्येने छत्री धरली. तिसऱ्या सकाळी अशीच एक निश्चल अळी हलली. डोक्यावरचे जुने टोपण गळले, कातडी मागे सरकत गेली आणि आतून हिरवीगार अळी बाहेर आली. तिच्या अंगावर दोन मोठे डोळे होते, पण तेही सोंगच! खरे बारीक डोळे खाली डोक्यावर असतात. थोड्या वेळाने बाईसाहेबांनी आपलीच कात खाऊन टाकली.

चित्र किंचित हलले आहे. तरी दिवाणखान्यात तेच लावले आहे. कोणी विचारले तर आता कन्याच सगळी हकीकत सांगते, पहिल्या अळीपासून. आणि मी गप्प बसून ऐकतो.