शिवणीची उलटी बाजू

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधल्या फॅशनच्या दालनात शिरलं की आधी जाणवतो तो मंद उजेड. बाहेरच्या दालनांतले संगमरवरी पुतळे लख्ख प्रकाशात असतात आणि इथे मात्र डोळे सरावायला वेळ द्यावा लागतो. रेशमाला आणि सुताला उजेड सोसत नाही. एकदा उडालेला रंग काही केल्या परत येत नाही, म्हणून जुन्या कापडावर साधारण 50 लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू न देण्याचा संग्रहालयांचा दंडक आहे. तेवढ्यावरही भागत नाही. कपडे अधूनमधून उतरवून अंधारात, आम्लविरहित कागदाच्या घड्यांत आडवे निजवून ठेवावे लागतात. कपडा पुतळ्याच्या मापाचा करायचा नाही, थर चढवून पुतळाच कपड्याच्या मापाचा करायचा, हा दुसरा दंडक.

मुंबईकरांना व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट हे नाव परकं वाटू नये. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं, तेव्हापासून 1975पर्यंत तेही व्हिक्टोरिया अँड अल्बर्टच होतं. लंडनचं संग्रहालय 1852चं. कारागिरी आणि कारखानदारी सुधारावी म्हणून ते काढलं, पण पोशाखाला तिथे मानाची जागा मिळायला वेळ लागला. चित्रकार टॅलबॉट ह्यूजने आपल्या चित्रांसाठी जुने पोशाख जमवले होते. हॅरॉड्स या दुकानाने ते विकत घेऊन 1913 साली संग्रहालयाला दिले, तेव्हा कुठे मोठी सुरुवात झाली. 1971 साली छायाचित्रकार सेसिल बीटनने ओळखीपाळखीच्या श्रीमंत स्त्रियांकडून कपडे मागून आणले आणि त्यांचं प्रदर्शन भरवलं. समकालीन फॅशनला इथे प्रतिष्ठा मिळाली ती या प्रदर्शनामुळे.

प्रेक्षक बहुधा विचारतात, हा पोशाख कुणी घातला? मला मात्र तो कुणी शिवला हे जाणून घ्यायचं असतं. या संग्रहातला 1740 ते 1745च्या सुमाराचा एक मँट्युआ, म्हणजे दरबारी झगा घ्या. घागऱ्याचा घेर दोन्ही बाजूंना आडवा पसरलेला, त्यामुळे बाईला दारातून तिरकं होऊनच जावं लागत असणार. रेशमावर रुपेरी तारेने कल्पवृक्ष भरला आहे आणि नुसत्या त्या तारेचंच वजन साडेचार किलोच्या आसपास भरतं. या पोशाखाच्या मागे सोडलेल्या घोळावर एक नोंद आहे: मादाम लकाँत यांच्याकडून मिळालं, मॅग्ड. जाइल्स. धर्मापायी फ्रान्स सोडावा लागलेल्या ह्यूगेनॉट भरतकामवाल्या स्त्रियांमध्ये लकाँत हे नाव आढळतं. तेवढ्या एका ओळीने सगळा पोशाख बदलतो. तो दरबारातून उतरतो आणि भरतकामाच्या चौकटीवर वाकलेल्या हातांपाशी येतो.

कपडे वाचायचेही असतात. ॲना मरिया गार्थवेट ही लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या विणकरांना रेशमी कापडाचे आराखडे काढून देत असे. तिचे आठशेहून जास्त आराखडे इथे जपले आहेत, त्यांतल्या कित्येकांवर तारीख आहे. त्यामुळे कापड केव्हाचं ते कळतं. आणि पुष्कळदा असं दिसतं, की कापड 1740च्या दशकातलं, पण बेत चाळीस वर्षांनंतरचा. आईचा झगा उसवून लेकीच्या मापाने पुन्हा बेतलेला. जुन्या टाक्यांची भोकं आणि घडीच्या फिक्या रेषा तशाच राहून गेलेल्या असतात. कापड महाग आणि शिलाई स्वस्त होती, तेव्हाचा हा हिशेब आहे. पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा तो मला जास्त पटतो.

छिटाच्या कापडापाशी आपला इतिहास सुरू होतो. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कारागीर कलमाने तुरटी रेखत आणि मग कापड मुळांच्या रंगात उकळत. जिथे तुरटी तिथेच लाल रंग धरे. निळ्यासाठी बाकीचा भाग मेणाने झाकून कापड निळीत बुडवत. धुतल्यावर रंग खुलत, उतरत नसत. युरोपला हे ठाऊक नव्हतं. इंग्लंडच्या बायका या कापडावर इतक्या लुब्ध झाल्या, की 1719 साली पोटावर पाय आलेले विणकर रस्त्यात त्यांच्या अंगावरचं छीट फाडू लागले. 1721 साली ते वापरण्यावरच बंदी आली. काचेमागचं नाजूक फुलाफुलांचं कापड पाहताना हा दंगा आठवायला हवा, आणि पाटीवर तो ठळकपणे लिहायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

दालनात जे नाही ते मला जास्त सलतं. मोलकरणीचा, हमालाचा, शेतमजुराचा कपडा इथे जवळजवळ नाही. तो झिजेपर्यंत वापरला गेला आणि उरलेल्या चिंध्या कागदाच्या गिरणीत गेल्या. आपल्याकडेही आजीचं लुगडं गोधडीत गेलं. मागे राहिली ती पैठणी, कारण ती सणासुदीलाच नेसली जाई. मागे उरलेल्या कपड्यांवरून त्या काळातले सगळेच असे नटत असतील, असं समजणं म्हणजे गरिबांना दुसऱ्यांदा पुसून टाकणं होय.

2025च्या मेअखेर या संग्रहालयाने पूर्व लंडनमध्ये आपलं कोठार लोकांसाठी उघडलं. तिथे आधी मागणी नोंदवली, की एका भेटीत पाच वस्तूंपर्यंत कुणालाही जवळून पाहता येतात. त्यासाठी अभ्यासक असण्याचीही अट नाही. पैठणी, हिमरू किंवा इरकली विणणाऱ्या घरांतल्या मुलामुलींनी तिथे जायला हवं आणि अस्तर, जोड, उलटी बाजू दाखवा म्हणून मागणी करायला हवी. त्यांना जे दिसेल ते मला आणि पाटी लिहिणाऱ्यालाही दिसणार नाही.