नागिणीनंतरची डोकेदुखी (लेखांक ७)

कांजिण्यांची शेवटची खपली पडली, कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ झाली, की घराच्या लेखी दुखणं संपतं. विषाणू मात्र जात नाही. कांजिण्यांचा हा व्हॅरिसेला-झोस्टर विषाणू कण्यालगतच्या आणि कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये निपचित पडून राहतो. पुढे कधी जागा झाला, की त्याच तंतूच्या वाटेने कातडीवर उतरतो. तीच नागीण.

ती म्हातारपणाची, असा समज आहे. पण आईच्या पोटात किंवा पहिल्या वर्षात कांजिण्यांची लागण झालेल्या बाळाची प्रतिकारशक्ती पुरती तयार झालेली नसते; अशांपैकी काहींना चांगल्या धडधाकट प्रकृतीतही शाळकरी वयात नागीण येते. विळखा पूर्ण झाला तर माणूस दगावतो, ही आपल्याकडची जुनी भीती. एका बाजूच्या एकाच तंतूचा पट्टा धरून ती उठत असल्यामुळे विळखा सहसा पूर्ण होतच नाही. भीती वाटावी अशी जागा वेगळी आहे.

बहुतेक मुलांची नागीण दोनतीन आठवड्यांत वाळते; मोठ्यांना महिनोन्महिने छळणारी ठणक त्यांना क्वचितच उरते. काही थोड्यांत विषाणू आतल्या दिशेने सरकतो आणि मेंदूच्या आवरणाला सूज येते. फोड सुकत आलेले असतात आणि मूल डोकं धरून बसतं, उलट्या करतं, उजेड नको म्हणतं, मान वाकवू देत नाही. ‘ऊन लागलं असेल’ म्हणून हे घरी काढण्यासारखं नाही. कधी तर अंगावर फोड नसतानाही असं होतं, आणि मग निदान फारच अवघड.

चेहऱ्याच्या तंतूची गोष्ट न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स रॅमसे हंट यांनी १९०७ साली मांडली: कानात फोड आणि त्याच बाजूचं तोंड वाकडं. मुलांमध्ये पुष्कळदा तोंड आधी वाकडं होतं, फोड मागून येतात. म्हणून कानात रोज डोकावायला हवं. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला, तर डोळ्यांचा डॉक्टर त्याच दिवशी गाठायचा.

कांजिण्यांच्या लसीचं काय? जपानचे मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये दुबळा केलेला विषाणू लसीसाठी वापरला. तोही तंतूत दडतो, आणि लस घेतलेल्या निरोगी मुलांत त्याच्यामुळे आवरणाला सूज आल्याच्या नोंदी आहेत. तरीही लस टाळण्याचं हे कारण नव्हे. अमेरिकेत ६० लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा लस घेतलेल्यांमध्ये नागीण ७८ टक्क्यांनी कमी आढळली.

मेंदूच्या आवरणाच्या सुजेच्या निदानासाठी पाठीतलं पाणी काढावं लागतं, आणि इथेच आईवडील हबकतात. मूल पांगळं होईल, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पण सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात, म्हणून ती भीती नको. त्या पाण्यात पीसीआर चाचणीने विषाणूचा माग काढतात. संशय दाट असेल, तर अहवालाची वाट न पाहता असायक्लोविर शिरेतून सुरू केलं जातं.