खेड्यांतील शाळा : मोडी, बाळबोध व ग्रांथिक भाषा

ओतुराहून आळेफाट्याकडे जातांना लागणाऱ्या पिंपरी पेंढारसारख्या गांवचें जुनें दप्तर हातीं आलें, म्हणजे संग्राहक प्रथम शिक्का व मिति पाहतो. शाळकरी पोरांचे कित्ते मात्र रद्दींत जातात. वस्तुतः भाषेमुळें विद्येचा वांटा कोणास किती मिळाला, याचा पुरावा अशा कागदांतच असतो.

पूर्वीं गांवचा हिशेब, पावती, कर्जरोखा हें सारें मोडींत लिहिलें जाई; छापील पुस्तकांत मात्र बाळबोध. बाळबोध वाचूं लागलेल्या कुणब्याच्या पोरास, बापानें नांगराची निशाणी केलेला रोखा वाचतां येईलच असें नव्हतें. १८७५ च्या १२ मे रोजीं सुपें येथें दंगा उसळून पुणें व नगर जिल्ह्यांत पसरला, तेव्हां कुणब्यांचा मुख्य रोष सावकारांच्या जिवावर नसून रोख्यांवर होता, हें येथें आठवावें.

हें ध्यानीं घेतलें म्हणजे जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनास दिलेल्या निवेदनाचें मर्म कळतें. प्राथमिक शिक्षणांत त्यांनीं मोडी व बाळबोध दोन्ही मागितल्या. हिशेब व शेतीचें ज्ञान मागितलें. आणि शिक्षक होतां होईल तों शेतकरी वर्गांतील असावे, म्हणजे ते मुलांत मिसळतील, असें सुचविलें.

लिपीहून भाषेचा प्रश्न नाजूक. शाळाखात्याचीं पुस्तकें मेजर कँडी यांच्या नजरेखालून जात. मराठींत विरामचिन्हें रुळविण्याचें श्रेयही त्यांस देतात. या वळणामुळें कोंकणांतला व देशावरचा मुलगा एकच मजकूर वाचूं लागला, हा लाभ लहान नव्हे. परंतु घरचा शब्द अशुद्ध ठरला कीं पोर तोंड मिटून बसतें, व पंतोजी त्यास मठ्ठ समजतो. मोठ्यांचीही हीच गत. फुल्यांचें ‘तृतीय रत्न’ हें नाटक १८५५ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटीपुढें गेलें, पण नाकारलें गेलें. पुढें निबंधमालेंत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं त्यांच्या व्याकरणाची थट्टा केली. आज तेंच नाटक मराठीच्या आद्य नाटकांत गणलें जातें. चिपळूणकरांनीं दाखविलेल्या चुका खऱ्या असतील; पण त्या मापानें कल्पकता मोजली जात नाहीं, असें आमचें मत आहे.

आतां मोडीच शाळेंतून गेली आहे, व पदवीधरासही आजोबांचें दप्तर लागत नाहीं. म्हणून संग्राहकांस आमची विनंति कीं, कित्ता सांपडल्यास अक्षराच्या वळणाबरोबर खोडलेले शब्दही उतरून घ्यावे, आणि दुरुस्तीची शाई निराळी असल्यास तीही नमूद करावी.