बालाघाट : घाटाच्या वरचा मुलूख

बालाघाट ही सह्याद्रीतून निघून मराठवाड्याच्या मध्यातून आग्नेयेकडे जाणारी डोंगररांग आहे. सह्याद्रीपासून महाराष्ट्राच्या पठारावर तीन मोठे फाटे पूर्वेकडे उतरतात : उत्तरेला सातमाळा-अजिंठा, मध्ये हरिश्चंद्र-बालाघाट आणि दक्षिणेला शंभू महादेव. मधला फाटा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडापाशी सुरू होतो. तिथे डोंगराची उंची सुमारे १,४२४ मीटर आहे. पुढे ती झपाट्याने कमी होत जाते. पश्चिमेकडच्या उंच भागाला हरिश्चंद्राचे डोंगर म्हणतात, पूर्वेकडच्या ठेंगण्या, सपाट माथ्याच्या भागाला बालाघाट. अहिल्यानगर, बीड, धाराशिव, लातूर आणि नांदेड या जिल्ह्यांतून जात हा फाटा कर्नाटकाच्या सीमेपाशी विरतो. त्याची लांबी सुमारे ३२० किलोमीटर आहे आणि बालाघाट म्हणवणाऱ्या भागाची उंची साधारण ५५० ते ८२५ मीटर.

डोंगररांग म्हटले की शिखरे, सुळके आणि खिंडी डोळ्यांपुढे येतात. बीड जिल्ह्यात बालाघाट तसा दिसत नाही. बीड शहरातून दक्षिणेकडे निघालेला रस्ता मांजरसुंब्याचा घाट चढतो. घाट संपल्यावर दुसऱ्या बाजूला तेवढाच उतार मिळावा अशी अपेक्षा असते, पण समोर पसरते ते रान. नेकनूर, चौसाळा, केज, नांदूरघाट ही सगळी गावे या वरच्या रानात आहेत. तेलगावकडून धारूरचा घाट चढून येणाऱ्यालाही हाच अनुभव येतो. चढ आहे, पण पलीकडे उतार नाही. बालाघाट हा पठाराचा कडा आहे, आणि नकाशावर डोंगररांग म्हणून काढलेली रेषा ही बहुतेक ठिकाणी त्या कड्याची रेषा आहे. या प्रदेशातले पाणी, माती आणि खुद्द त्याचे नाव यांचा उलगडा या एका गोष्टीतून होतो.

कडा असा का झाला, हे खडक सांगतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत दख्खनचे पठार तयार झाले. हे थर जवळजवळ आडवे आहेत. काही थर घट्ट, काळ्या पाषाणाचे. काही वायूच्या पोकळ्यांनी भरलेले, लवकर झिजणारे. मऊ थर झिजून मागे हटतो, वरचा घट्ट थर टोपीसारखा टिकून राहतो. त्यामुळे माथे सपाट राहतात आणि उतार पायऱ्यांसारखे दिसतात. गोदावरीला मिळणाऱ्या नद्यांनी उत्तरेकडून हे पठार कोरत आणले, म्हणून त्या बाजूला कडा तीव्र आहे. दक्षिणेकडे जमीन मांजरेच्या खोऱ्यात हळूहळू कलत जाते.

शाळेच्या पुस्तकात बालाघाटाविषयी एक वाक्य हमखास असते : ही रांग गोदावरी आणि भीमेची खोरी वेगळी करते. संपूर्ण रांगेपुरते ते खरे आहे. आष्टी तालुक्यातले पाणी सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. तुळजापूर-नळदुर्गाकडे बोरी नदीही भीमेकडेच जाते. पण बीडच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या भागात ते वाक्य पुरेसे नाही. तिथे कड्याच्या दोन्ही बाजूंचे पाणी अखेर गोदावरीलाच मिळते. फरक आहे तो वाटेचा.

उत्तरेची वाट जवळची. बिंदुसरा बालाघाटात उगम पावते, बीड शहरातून जाते आणि सिंदफणेला मिळते. सिंदफणाही याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. माजलगावच्या धरणातून पुढे जाऊन ती मंजरथ येथे गोदावरीला मिळते. सारा प्रवास जिल्ह्यातच पुरा होतो.

दक्षिणेची वाट फार लांबची. मांजरा नदी पाटोदा तालुक्यातल्या गवळवाडीजवळ उगम पावते. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरून ती पूर्वेला जाते, मग लातूर, कर्नाटकातले बिदर, पुढे तेलंगण असा फेरा घेते. तेलंगणात ती एकदम उत्तरेला वळते आणि कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. एकूण लांबी ७२४ किलोमीटर. पाटोद्याच्या डोंगरात काही कोसांच्या अंतराने पडलेल्या दोन पावसांपैकी एक मंजरथला गोदावरीत पोचतो आणि दुसरा तीन राज्ये फिरून त्याच नदीला शेकडो किलोमीटर खाली भेटतो. केज तालुक्यातले बहुतेक पाणी या दुसऱ्या वाटेचे आहे. त्याच तालुक्यात धनेगाव येथे मांजरेवर धरण आहे. त्याची एकूण क्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर असून लातूर, अंबाजोगाई, केज ही शहरे त्यावर अवलंबून आहेत.

पठाराच्या कड्यावर राहणाऱ्यांची अडचण हीच असते. पाणी तिथे सुरू होते, थांबत नाही. मोठ्या नदीचे पात्र जवळ नाही, वरून कुणाचे पाणी वाहून येत नाही. जे पडेल तेवढेच आपले. आणि पडते तेही थोडेच. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस होतो. नैऋत्येचे वारे तिथे रिकामे होऊन पूर्वेला उतरतात. बीड जिल्ह्याची वार्षिक सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. पश्चिमेकडे आष्टी-पाटोद्याला पाऊस कमी, पूर्वेकडे अंबाजोगाईकडे थोडा जास्त. भूगोलाच्या परिभाषेत हा प्रदेश वाळवंटी नाही, निमशुष्क आहे. मात्र सरासरीवर येथे कुणी भरवसा ठेवत नाही, कारण पाऊस काही मोजक्या दिवसांत येतो आणि मधले खंड तीन-तीन आठवड्यांचे असतात. खडक घट्ट असल्याने जमिनीत मुरलेले पाणीही फटी आणि झिजलेल्या थरांपुरतेच साठते. एका विहिरीला पाणी आणि शेजारच्या बांधावर कोरडा दगड, हे येथे नेहमीचे आहे.

माथ्यावरची जमीन बरड, मुरमाड. खोलगट भागात काळी. वर बाजरी, तूर, हुलगा. खाली ज्वारी, कापूस, आणि अलीकडे सगळीकडे सोयाबीन. उतारावर बाभूळ, हिवर, बोर, पळस, धावडा अशी काटक झाडे. पाटोदा तालुक्यातले नायगाव हे मोरांसाठी राखलेले अभयारण्य याच डोंगरात आहे. या कोरड्या उतारांवर एक झाड मात्र मनापासून वाढते, ते म्हणजे सीताफळ. त्याला पाणी कमी लागते, जनावर त्याचा पाला खात नाही, आणि दगडातही ते मूळ धरते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. खडकाळ जमिनीच्या पदरी अशी मान्यता क्वचितच येते.

त्याच २०१६ सालच्या एप्रिलमध्ये धनेगावचे धरण कोरडे पडल्यामुळे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले. १९७२ च्या दुष्काळाची आठवण तर या भागातल्या प्रत्येक घरात आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास डोंगरपट्ट्यातली गावे अर्धी रिकामी होतात. मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अशा जोडप्याला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. हंगाम आटोपून ते परततात तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. जिल्ह्याच्या बोलीत या डोंगरपट्ट्याच्या समोर ‘गंगथडी’ हा शब्द उभा असतो. गंगथडी म्हणजे गोदावरीकाठची, गेवराई-माजलगावची काळी, सखल जमीन. बीडचा भूगोल या दोन शब्दांत जितका नेमका सामावतो, तितका तालुक्यांच्या यादीत सामावत नाही.

आता नावाकडे. ‘बालाघाट’ हा जोडशब्द आहे. त्यातला ‘बाला’ फारसी असून त्याचा अर्थ ‘वर’, ‘वरचा’ असा होतो. बाळ, बालिका किंवा बालाजी यांच्याशी त्याचा संबंध नाही. मराठी माणसाला हा शब्द दुसऱ्या एका रूपात चांगला परिचयाचा आहे. राजगडाचा बालेकिल्ला म्हणजे किल्ल्यातला वरचा किल्ला. तसाच बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा मुलूख. जुन्या लिखाणात ‘बालेघाट’ असेही रूप येते. त्याचा जोडीदार होता ‘पाईनघाट’, म्हणजे घाटाखालचा मुलूख. हे दोन्ही शब्द डोंगराची नावे नव्हती. ती प्रदेशांची नावे होती, आणि प्रदेश ठरत होता तो चढाच्या कोणत्या बाजूला आहे यावरून.

मोगल कारभारात हे अगदी स्पष्ट दिसते. शाहजहानच्या काळात दख्खनच्या मोगली मुलखाची बालाघाट आणि पाईनघाट अशी वाटणी झाली होती. दौलताबाद, अहमदनगर, बीड, जालना, धारूर हे बालाघाटात. खानदेश आणि वऱ्हाडाचा बराचसा भाग पाईनघाटात. या वाटणीतला ‘घाट’ अजिंठ्याच्या डोंगराचा होता. तापी-पूर्णेच्या सखल खोऱ्यातून वर चढून आले की बालाघाट सुरू होई. म्हणजे आज ज्याला मराठवाडा म्हणतात त्याचा मोठा भाग त्या वेळी बालाघाट होता. आजची डोंगररांग ही त्या विस्तीर्ण नावाची उरलेली कड आहे. वऱ्हाडात तर हा भेद अजून जिवंत आहे. बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर, नांदुरा, शेगाव हे ‘घाटाखालचे’ तालुके आणि चिखली, मेहकर हे ‘घाटावरचे’. फारसी गेली, विभागणी तशीच राहिली.

देशात इतरत्रही हीच रीत होती. अर्काटच्या नवाबाचा मुलूख कर्नाटक पाईनघाट म्हणून ओळखला जाई आणि पूर्व घाटावरचा पठारी भाग कर्नाटक बालाघाट म्हणून. मध्य प्रदेशात १८६७ साली स्थापन झालेला बालाघाट जिल्हा आहे. त्याचा बीडच्या डोंगराशी काही संबंध नाही, नाव ठेवण्याची पद्धत तेवढी एक. इटलीतल्या पीदमाँत या प्रांताच्या नावाचा अर्थ डोंगराच्या पायथ्याचा मुलूख असा होतो. डोंगराच्या संदर्भाने माणसे स्वतःची जागा सांगतात, आणि तीच जागा पुढे नाव बनते.

प्रदेशाचे नाव डोंगराला लागले ते नकाशांच्या आणि गॅझेटियरांच्या काळात. मोजणी करणाऱ्याला प्रत्येक उंचवट्याला एक नाव आणि एक रेषा हवी असते. असेच ‘घाट’ या शब्दाचेही झाले. मराठीत घाट म्हणजे डोंगर चढण्याची वाट, किंवा नदीकाठच्या पायऱ्या. युरोपीय लेखकांनी वाटेचा हा शब्द साऱ्या पर्वताला लावला आणि सह्याद्री ‘पश्चिम घाट’ झाला. बालाघाटाच्या बाबतीत वरच्या मुलखाचे नाव कड्याला मिळाले आणि पाठ्यपुस्तकांनी ते रूढ केले. नाव बदलण्याची गरज नाही. पण वर्गात ‘बालाघाट डोंगर’ शिकवताना त्या शब्दाचा अर्थ ‘वरचा मुलूख’ आहे हे एका वाक्यात सांगितले, तर मुलांना डोंगर आणि पठार दोन्ही समजतील.

बीडच्या गावांच्या नावांत ‘घाट’ अजून मूळ अर्थाने नांदतो. येळंबघाट, नांदूरघाट ही त्याची उदाहरणे. ‘नांदूर’ हे महाराष्ट्रात वारंवार येणारे ग्रामनाम आहे : नाशिककडे नांदूर मधमेश्वर आणि नांदूर शिंगोटे, खुद्द बीड तालुक्यात नांदूर हवेली. वडाच्या कुळातल्या नांदरूक या झाडाशी या नावाचा संबंध जोडला जातो, आणि वडवणी, पिंपळनेर, चिंचोली अशा झाडांवरून पडलेल्या नावांच्या शेजारी ते पटण्यासारखे आहे. एकाच नावाची अनेक गावे असली की ओळखीसाठी दुसरा शब्द जोडावा लागतो. परगण्याच्या मुख्य ठाण्याभोवतालच्या गावांचा गट तो ‘हवेली’, म्हणून नांदूर हवेली. घाटावरचे ते नांदूरघाट.

एवढ्यानेही गोंधळ पुरता मिटत नाही. नांदूरघाट केज तालुक्यात आहे. शेजारच्या अंबाजोगाई तालुक्यात घाटनांदूर नावाचे दुसरे गाव आहे, परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर त्याचे स्थानकही आहे. तेच दोन शब्द, फक्त क्रम उलटा. जिल्ह्याबाहेरून येणाऱ्याने पत्ता लिहिताना तालुका अवश्य लिहावा : केजचे ते नांदूरघाट, अंबाजोगाईचे ते घाटनांदूर, आणि दोन्ही बालाघाटाच्या माथ्यावर.