तक्रार करावी, पण नेटकी

बिघडलेली वस्तू घेऊन दुकानात गेलेला माणूस सहसा दोहोंपैकी एक करतो. तो तावातावाने भांडतो, नाहीतर निमूटपणे परत येतो. दोन्हींत दुकानदाराचे काहीच जात नाही.

आमच्या घरचीच हकीकत सांगतो. नवा फ्रिज दीड महिन्यात गार करीनासा झाला. आमच्या आईचे इन्शुलिन त्यात असे, आणि न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. मेकॅनिक तीनदा आला, "आता ठीक चालेल" म्हणून गेला. आईचे औषध शेजाऱ्यांकडे राहिले. शेवटी आम्ही दुकानात जाऊन आवाज चढविला. मालकांनी शांतपणे विचारले, "मेकॅनिक कोणत्या तारखांना आला?" आम्हांला एकही तारीख सांगता येईना. बिघाड फ्रिजमध्ये होता, पण खजील झालो आम्ही!

तक्रारीचे बळ आवाजात नसून कागदात असते, हे त्या दिवशी उमगले. पहिला कागद म्हणजे पक्के बिल. चार पैसे वाचतात म्हणून ते सोडू नये. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी. मेकॅनिकच्या प्रत्येक खेपेची चिठ्ठी मागावी. मात्र त्या बिचाऱ्यावर ओरडू नये; निर्णय त्याच्या हाती नसतो.

मग पत्र लिहावे. वस्तू कधी घेतली, दोष कोणता, दुरुस्तीला कोण केव्हा आले आणि आपल्याला काय हवे, दुरुस्ती, बदली की पैसे, एवढेच त्यात असावे. उत्तरासाठी तारीख घालून द्यावी. विशेषणे गाळावीत. एक प्रत कंपनीला धाडावी आणि पोच जपून ठेवावी.

या पत्रामागे कायदा उभा आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली व तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. बिल न देणे, तसेच सदोष माल बिलातील मुदतीत, मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे, या त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीला सदोष मालापुरता तरी अर्थ उरत नाही. रंग आवडला नाही, हा मात्र दोष नव्हे!

उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेथेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाद मागता येते. वकील सक्तीचा नाही, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत मात्र २ वर्षांची. डोळ्यांना न दिसणारा दोष आयोग प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. म्हणून वस्तू परक्या कारागिराकडून उघडवू नये. वॉरंटीही धोक्यात येते आणि पुरावाही.

चौथ्या खेपेला आम्ही चिठ्ठी घेतली व सात ओळींचे पत्र धाडले. आठव्या दिवशी कॉम्प्रेसर बदलला गेला आणि आईचे औषध घरी आले. दुकानदार आमचा वैरी नव्हता. आमची गरज त्याच्यापुढे कागदावर मांडलेली नव्हती, इतकेच.