बळ कुळाचें कीं कष्टांचें?

वसई तालुक्यांतील गास या गांवांत माझें सारें आयुष्य गेलें. पुष्कळ वर्षें शिक्षकाचा पेशा केला. आतां साठी उलटून गेली आहे. आज जो विषय मी आपल्यापुढें मांडणार आहें, तो मला पुस्तकांतून सुचलेला नाहीं. माझ्याच तोंडून निघालेल्या एका वाक्यानें तो माझ्यामागें लावून दिला आहे.

कित्येक वर्षांपूर्वीं शाळेच्या खेळांसाठीं रस्सीखेचीचा संघ निवडावयाचा होता. दंडांनीं भरलेलीं, खांद्यांनीं रुंद अशीं मुलें मीं भराभर बाजूला काढलीं. शेवटीं एक हडकुळा मुलगा आपण होऊन पुढें आला. त्याच्या वडिलांना मी ओळखत होतों. तेही तसेच काटकुळे. मीं हंसून म्हटलें, "अरे, तुमच्या घराण्यांत अंग आहे कोणाला? तें रक्तांतच असावें लागतें." सारा वर्ग हंसला. तो मुलगा मुकाट्यानें मागें सरला आणि पुन्हां खेळाच्या मैदानावर दिसला नाहीं.

मीं म्हटलें तें खरें होतें काय? शरीराचें बळ बापाकडून मुलाकडे येतें, कीं तें ज्याचें त्यानें कमवावयाचें असतें?

हा प्रश्न कोणाला विचारला तर तो पहिलवानाच्या मुलाकडे बोट दाखवितो. स्वतंत्र भारताला वैयक्तिक क्रीडाप्रकारांतील पहिलें ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव हें त्याचें नामांकित उदाहरण होय. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवीं १९२६ सालीं त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर. तेव्हां 'खाण तशी माती' असें म्हणून आपण मोकळे होतों. परंतु जरा थांबून पाहूं. दादासाहेबांनीं मुलाला नुसतें रक्त दिलें नाहीं, आखाडाही दिला. कुस्तीचे पहिले धडे खाशाबांनीं वडिलांपाशींच घेतले. मग त्यांचें यश रक्ताचें म्हणावें कीं आखाड्याचें? शिवाय पांच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. पांचांचा बाप एकच. पण ऑलिंपिकच्या आखाड्यापर्यंत पोंचले ते एकटे खाशाबा.

आणि तेंही यश एका उडींत आलें नाहीं. १९४८ सालीं लंडनला ते सहावे आले. तांबड्या मातींत वाढलेल्या त्या मल्लाला गादीवरील कुस्तीची संवय नव्हती. पुढच्या चार वर्षांत ती त्यांनीं अंगीं बाणविली आणि १९५२ सालीं हेलसिंकीला ५७ किलो वजनाच्या गटांत कांस्यपदक मिळविलें. त्या प्रवासाच्या खर्चासाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, ही गोष्ट महाराष्ट्रांत प्रसिद्धच आहे. रक्त, आखाडा, मेहनत आणि दुसऱ्यानें टाकलेला विश्वास, हे चार धागे त्या पदकांत असे विणले गेले आहेत कीं, नुसत्या डोळ्यांनीं ते निराळे करतां येत नाहींत.

ते निराळे करण्याची एक युक्ति शास्त्रज्ञांनीं शोधून काढली आहे. ती म्हणजे जुळ्यांची तुलना. कांहीं जुळीं एकाच फलित बीजापासून झालेलीं असतात; त्यांचा आनुवंशिक ठेवा जवळजवळ सर्वस्वीं एकच असतो. दुसऱ्या प्रकारचीं जुळीं दोन निराळ्या बीजांचीं. तीं सामान्य भावंडांइतकींच परस्परांसारखीं. वाढतात मात्र दोन्ही प्रकारचीं जुळीं एकाच घरांत व एकाच अन्नावर. तेव्हां पहिल्या प्रकारच्या जुळ्यांचें बळ दुसऱ्यांपेक्षां किती अधिक जुळतें, हें मोजलें म्हणजे अनुवंशाच्या वांट्याचा अंदाज येतो. अशा अनेक अभ्यासांचा मेळ घातला असतां तो वांटा सुमारें निम्मा भरतो.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. निम्मा याचा अर्थ आपल्या दंडांतील अर्धें बळ वडिलांचें व अर्धें आपलें, असा नव्हे. माणसामाणसांत बळाचा जो फरक दिसतो, त्या फरकाचा सुमारें निम्मा भाग अनुवंशामुळें पडतो, इतकाच त्याचा अर्थ. हें प्रमाण समुदायाचें आहे. एका मुलाकडे बोट दाखवून त्याचें भविष्य त्यावरून वर्तवितां येत नाहीं.

हा अनुवंश स्नायूंत करतो तरी काय? स्नायु म्हणजे बारीक तंतूंचा जुडगा. कांहीं तंतु संथ पण चिवट; कांहीं जलद पण लवकर थकणारे. त्यांची संख्या बहुतांशीं जन्माच्या सुमारास ठरलेली असते. व्यायामानें वाढते ती मुख्यतः त्यांची जाडी. या वाढीला निसर्गानें एक लगामही ठेविला आहे. मायोस्टॅटिन नांवाचें प्रथिन स्नायूंची वाढ आवरून धरतें. बेल्जममधील एका जातीच्या गुरांत हा लगाम जन्मतःच निकामी असल्यामुळें त्यांचे पुठ्ठे अवाढव्य फुगतात. २००४ सालीं जर्मनींतील अशाच एका बालकाची हकीकत प्रसिद्ध झाली. जन्मल्यावेळींच त्याच्या मांड्या व दंड विलक्षण भरदार होते. परंतु अशीं माणसें अत्यंत विरळा. तुमच्याआमच्या बळांत एकाच जनुकाचा मोठा हात नसून पुष्कळ जनुकांचा थोडथोडा हात असतो.

मेहनतीचें फळही सर्वांस सारखें मिळत नाहीं, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत ५८५ स्त्रीपुरुषांनीं १२ आठवडे एका हाताला एकच ठरीव व्यायाम दिला. कोणाच्या दंडाचा स्नायु मुळींच वाढला नाहीं, तर कोणाचा ५९ टक्क्यांनीं वाढला. बळाच्या बाबतींत कोणी होता तेथेंच राहिला, तर कोणाचें बळ २५० टक्क्यांनीं वाढलें. म्हणून जो मेहनत करूनही मागें राहतो, त्याला आळशी म्हणणें अन्यायाचें आहे. आणि जो झपाट्यानें वाढतो, त्यानें सारें श्रेय आपल्या घामाला देऊं नये. पण कोणाच्या कष्टाला किती फळ येणार, हें आधीं मनगट पाहून ठरवितां येत नाहीं. तें बारा आठवडे घाम गाळल्यावरच कळतें.

आमच्या गासचाच दाखला घ्या. मागच्या पिढीचे बागाईतदार पहाटेपासून वाडींत राबत. कुदळीनें माती वर ओढणें, पाटाचें पाणी फिरविणें, केळीचे घड खांद्यावरून वाहून नेणें, हा त्यांचा नित्यक्रम. त्यांचे खांदे व पिंढऱ्या पाहून परके लोक म्हणत, "यांचा बांधाच तसा!" त्यांचे कित्येक नातू आज सकाळीं नालासोपाऱ्याहून चर्चगेटची गाडी धरतात आणि दिवसभर खुर्चीवर बसून काम करतात. रक्त तेंच आहे. पण आजोबांचे दंड नातवांस मिळाले नाहींत, कारण आजोबांची कुदळ नातवांच्या हातीं आली नाहीं.

रक्त आणि मेहनत यांखेरीज तिसरेंही एक कारण आहे. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालकें यांचा अभ्यास १९९३ सालीं आरंभिला. तेथील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउथहॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो. नवल असें कीं, आपल्या बालकांच्या अंगांत स्नायु फार कमी होते, पण कातडीखालील चरबी त्या मानानें टिकून होती. ज्या मातांच्या आहारांत गरोदरपणीं पालेभाज्या, फळें व दूध अधिक होतें, त्यांचीं बालकें अंगानें मोठीं असल्याचेंही दिसून आलें. म्हणजे ज्याला आपण बापाचें रक्त समजतों, तें कित्येकदां आईचें अपुरें ताट असतें! स्नायु हे रक्तांतील साखर खर्च करणारें शरीराचें मोठें साधन आहे. तेंच तोकडें पडलें म्हणजे मधुमेहाची वाट सोपी होते. तेव्हां बळाचा प्रश्न केवळ आखाड्याचा नसून घराघराचा आहे.

माझ्या वयाचे श्रोते म्हणतील, आमची वेळ निघून गेली. त्यांनीं एवढेंच ऐकावें. १९९० सालीं बोस्टन येथील वृद्धाश्रमांत ८६ ते ९६ वर्षें वयाच्या दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम करून घेण्यांत आला. ज्यांनीं तो पुरा केला, त्यांच्या पायांचें बळ सरासरी १७४ टक्क्यांनीं वाढलें. इतक्या लवकर तें कसें वाढलें? कारण आरंभींचें पुष्कळसें बळ स्नायु जाड होण्यापूर्वींच येतें; मज्जातंतु स्नायूंना एकजुटीनें कामाला लावण्यास शिकतात, त्याचें तें फळ असतें.

यासाठीं साधनें मोठीं लागत नाहींत. झेपेल तेवढें, पण हळूहळू वाढत जाणारें ओझें, आठवड्यांतून निदान दोन दिवस नेम, मध्यें विश्रांति, पुरेशी झोप, आणि ताटांत डाळ, दूध, अंडें किंवा मासळी. वृद्धांनीं व आजारी माणसांनीं आधीं डॉक्टरांस विचारावें. तुलना शेजाऱ्याशीं न करतां आपल्याच मागच्या महिन्याशीं करावी. शेजाऱ्याची शिदोरी निराळी, आपली निराळी.

आतां त्या मुलाची उरलेली गोष्ट सांगतों. गेल्या वर्षीं तो मला बाजारांत भेटला. बरोबर त्याचा दहाबारा वर्षांचा मुलगा होता, तसाच सडपातळ. मीं त्या पोराला सहज विचारलें, "काय रे, खेळायला जातोस कीं नाहीं?" पोरानें बापाकडे पाहिलें. बाप हंसून म्हणाला, "गुरुजी, आमच्या अंगांतच नाहीं तें. तुम्हींच तर सांगितलें होतें."

श्रोतेहो, त्या पोराला बापाकडून बारीक मनगट मिळालें असेल; तो अनुवंश झाला. पण मैदानावर पाऊल टाकावयाचें नाहीं, हा वारसा त्याला माझ्या वाक्यानें दिला होता. तेथल्या तेथें मीं तें वाक्य परत घेतलें, आणि आज आपणां सर्वांसमोर पुन्हां परत घेतों. आपल्या घरांतील मुलाविषयीं असें वाक्य कधीं ओठांवर आलें, तर तें गिळून टाका. त्याला आधीं बारा आठवडे द्या.